इंद्रभान लाईनमनचा बायोडाटा

“तू वधूचा फॉर्म भरला, शादाब. वधूचा.”

“भरला, कबूल हाये. पन प्रूफ कोनाले दाखवलं, ताई? याले. यानं दोन डाव वाचलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. अन् मनला काय? बरोबर हाये मनला.”

“तो बरोबर मनला मनून तू पाठवून देशीन?”

“मंग काय इचारू त्याले? का भाऊ, तू बाई हायेस का?”

यावर शादाबनं आणि इंद्रभानच्या धाकट्या बहिणीनं, योगिनीनं, दोघांनीही मागे वळून पाहिलं. मागे प्लॅस्टिकच्या स्टुलावर इंद्रभान बसला होता, भिंतीकडे तोंड करून. लॅमिनेशन कापताना ज्या लांब पट्ट्या खाली पडतात, त्यातल्या तीन उचलून तो त्यांची तिपेडी वेणी घालत होता. वेणी वीतभर झाली होती आणि कान लाल झाले होते. मी त्यांच्याच गल्लीतली, झेरॉक्सला आले होते. माझं काम कधीच झालं होतं, पण असं भांडण अर्ध्यात सोडून घरी कोण जातं?

केनवडच्या स्टँडवर शादाबचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, पीकविम्याचे फॉर्म आणि लग्नाचे बायोडाटे. लग्नसराईत तो दिवसाला दहा-बारा बायोडाटे करतो आणि प्रत्येक वेळी नवा कशाला मांडायचा म्हणून आधीच्याच फाईलमध्ये नाव-गाव बदलतो. गेल्या बुधवारी त्यानं एका मुलीचा बायोडाटा संपवला आणि इंद्रभान समोर येऊन उभा राहिला. काय लिहू, असं विचारलं तर म्हणाला, “असते तसंच लिव.” एवढं बोलायलाच त्याला पाच मिनिटं लागली होती. शादाबनं नाव बदललं, उंची बदलली, शिक्षणात आयटीआय टाकलं, नोकरीत लाईनमन टाकलं. बाकीचं सगळं त्या मुलीचं तसंच राहिलं. वर मोठ्या अक्षरात ‘वधू परिचय’. खाली, गृहकृत्यदक्ष, सुगरण, मनमिळाऊ, भरतकाम, मेंदी व रांगोळीची आवड. आणि सगळ्यात शेवटी, अपेक्षित वर: निर्व्यसनी, समजूतदार, स्वतःचा व्यवसाय असलेला.

इंद्रभाननं ते दोनदा वाचलं. नंतर त्यानं योगिनीला सांगितलं की वरचे दोन शब्द त्याच्या ध्यानातच आले नाहीत. तो थेट ‘गृहकृत्यदक्ष’पासून वाचत गेला आणि त्याला वाटलं, इतकी वर्षं हा शादाब आपल्याशी धड चार वाक्यं बोलला नाही, पण यानं आपल्याला किती बरोबर ओळखलं. डोळ्यात पाणी आलं म्हणे. म्हणून घाईघाईनं ‘बरोबर हाये’ म्हणून तो निघून गेला.

फोटोचीही गंमतच होती. इंद्रभान इतका लाजाळू की त्याचा तोंड दिसणारा फोटो घरात एकच, बारशाचा. मोठेपणीचा जो आहे तो पाठीमागून काढलेला. खांबावर चढलेला, डोक्यात हेल्मेट, कमरेला पट्टा, चेहरा तारांकडे. तोच लावला. समाजाच्या ग्रुपवर गुरुवारी सकाळी बायोडाटा पडला आणि दुपारपर्यंत त्याच्या वडलांना, रामरावांना, तीन मुलांच्या बापांचे फोन आले. पहिला म्हणाला, पोरीचं नाव जरा भारी आहे, पण सरकारी नोकरी आहे तर चालेल. दुसऱ्यानं विचारलं, लग्नानंतर बी ते खांबावर चढन काय? तिसऱ्याला फक्त भरतकामात रस होता. रामरावांनी तिसरा फोन ठेवला आणि जेवण न करता शेतात निघून गेले.

इंद्रभान तेहतीस वर्षांचा आहे. वीज मंडळात लाईनमन. आमच्या भागात कुठलाही खांब बघा आणि चिनीमातीच्या चिमणीवर, म्हणजे तार टेकते त्या इन्सुलेटरवर, तार कशी बांधली आहे ते नीट बघा. बाकीचे लाईनमन बांधायच्या तारेचे चार वेढे मारतात, पकडीनं पिळतात, खाली उतरतात. इंद्रभानच्या खांबावर त्या तारेची वेणी असते. घट्ट, सारख्या अंतराची, टोक आत दुमडलेलं. नवीन आलेली पोरं वर बघून सांगतात, हा खांब इंद्रभानभाऊचा. मे महिन्याच्या वावटळीत सगळ्यांच्या तारा सुटतात, वेण्या सुटत नाहीत. साहेबांनी एकदा शाबासकीचं पत्र द्यायचं ठरवलं होतं. त्यात त्या गाठीला काय म्हणायचं यावर अडलं आणि राहूनच गेलं.

ड्युटी संपली की तो हातपाय धुऊन बायकांत बसतो. गल्लीत शेवया असोत, कुरड्या असोत, कुणाचं डोहाळजेवण असो, इंद्रभान तिथं. भुलाबाईच्या दिवसांत मुली घरोघर गाणी म्हणत यायच्या आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ हलवून ओळखायच्या, तेव्हा दहा वर्षांचा इंद्रभान त्यांच्यात एकटा पोरगा असायचा. आवाजावरून शंकरपाळा जाडा की पातळ एवढं सांगायचा. शाळेत पोरांनी त्याला जे नाव ठेवलं ते सगळ्या गावांत असल्या पोराला ठेवतात तेच. ते मी इथे लिहीत नाही, त्याच्यावर ते कधी बसलंच नाही. ज्यानं ते नाव ठेवलं त्याच्या घरची लाईट गेली की इंद्रभान सगळ्यात आधी त्याच्याकडे जातो. चिडून नाही. त्या घरच्या सुनेला अंधारात भाकरी थापाव्या लागतात म्हणून.

म्हणजे तो बायकांत बसतो, बायकांसारखा बोलतो, हातही तसेच फिरवतो. पण त्यातलीच एखादी त्याच्याकडे सरळ बघून हसली, की त्याच्या हातातली कुरडई वाकडी होते. एकदा त्यानं योगिनीला फार धीर करून सांगितलं होतं. आपल्याला बायकांत घरी आल्यासारखं वाटतं आणि एखादीच्या समोर घर सोडून पळावंसं वाटतं, आणि ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तर याचं काय करायचं? योगिनी तेव्हा बारावीला होती. तिनं सांगितलं, बघते. आता ती पुण्याहून समाजकार्य शिकून आली आहे आणि तिनं बघितलं आहे. तिच्या फोनमध्ये अशा माणसाला काय काय म्हणतात त्या शब्दांची यादी आहे.

तर भांडण फॉर्मवरून सुरू झालं, पण खरं ते यादीचं होतं. कारण चौथा फोन शुक्रवारी आला आणि तो मुलाच्या बापाचा नव्हता.

फोन प्रयागबाईंनी, म्हणजे इंद्रभानच्या आईनं, उचलला होता. पलीकडून एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाली की ती किन्हीराजावरून संस्कृती बोलत आहे, तिचं कृषी केंद्र आहे, आणि स्वतःच फोन केला म्हणून रागावू नये. मग तिनं अपेक्षित वर मोठ्यानं वाचून दाखवला. निर्व्यसनी, तर तिला चहाचंसुद्धा व्यसन नाही. समजूतदार, ते गिऱ्हाइकं सांगतील. स्वतःचा व्यवसाय आहे, गाडी आहे. “मी यात बसते, काकू,” ती म्हणाली. “आता तुमी सांगा, हे छापन्यात चुकलं हाये, का खरं हाये?”

प्रयागबाई घाबरल्या. घाबरल्या की त्या खरं बोलतात.

“चुकलं हाये, बाई,” त्या म्हणाल्या. “पन खरं हाये.”

संस्कृतीनं सांगितलं की मग रविवारी ती मामाला घेऊन पाहायला येईल. एकच अडचण होती. वडील गेल्यापासून घरचं सगळं भिवाजीमामा बघतात, आणि मामांना तोंडी सांगितलेलं चालत नाही. मुलगा नेमका कसा आहे ते शनिवारपर्यंत लेखी पाठवा.

हे सगळं इंद्रभान चुलीजवळ उभा राहून स्पीकरवर ऐकत होता. नाव ऐकलं आणि त्याच्या हातातून उलथणं पडलं. कारण दोन वर्षांपूर्वी वादळात किन्हीराजाकडचे खांब पडले, तेव्हा त्याला आठ दिवस तिकडे पाठवलं होतं. कृषी केंद्रासमोरच ट्रान्सफॉर्मरची डीपी होती. संस्कृती रोज पाण्याची बाटली आणून द्यायची. आठ दिवसांत तो तिच्याशी एकच वाक्य बोलला, फेज आला काय, आणि तेही रोज. घरी आल्यावर महिनाभरानं योगिनीला म्हणाला, “किन्हीराजाले एक कृषी केंद्र हाये.” एवढंच. योगिनी हुशार आहे. ती समजली.

म्हणून आज शनिवारी दुपारी ती त्याला घेऊन दुकानात आली होती, आणि म्हणून तिला शब्द अगदी बरोबर पाहिजे होता.

“फेमबॉय नाही चालणार,” ती फोन बघत म्हणाली. “ते मुलींसारख्या कपड्यांचं आहे. डेमीबॉय म्हणजे अर्धाच मुलगा, ते वेगळं. हे एक आहे, पण हे इतकं लांब आहे की मामा अर्ध्यात चष्मा काढतील. मराठी पाहिजे. स्त्रीमनस्क पुरुष. लिव.”

शादाबनं लिहिलं आणि स्क्रीनकडे मान तिरकी करून पाहिलं. “ताई, हे वाचून मामा मनन का याच्यावर इलाज काय चालू हाये.”

“मग तू सांग.”

“शरीफ लिवू. आमच्यात सगळ्यात मोठा गुन तोच.”

“शरीफ तर सगळेच लिहितात. त्यात दादा कुठे आला?”

“मंग नाजूक.”

“नाजूक म्हणजे काचेचं भांडं का तो?”

“हळुवार?”

तिनं ‘हळुवार’वर जरा विचार केला. तेवढ्यात शेतातून परतणारे रामराव दुकानासमोर थांबले. त्यांना सगळं नव्यानं सांगावं लागलं. ऐकून ते म्हणाले की इतका खल कशाला, पोरगा लाईनमन आहे, लाईनमन लिवा. योगिनी म्हणाली, ते नोकरीत आलंय. ते म्हणाले, मग दोन डाव लिवा. आणि मोटारसायकल सुरू करून निघून गेले. शादाबनं तेही लिहून घेतलं. मोठ्या माणसानं सांगितलं की तो लिहून घेतो.

इंद्रभानला कुणी विचारलंच नाही असं नाही. योगिनीनं विचारलं. तो वेणीकडे बघत इतकंच म्हणाला की काही बी लिवा, पण ती वाचून ‘हा तर आपल्यातलाच’ असं म्हणाली नाही पाहिजे. योगिनीला वाटलं तो उलटं बोलतोय. आपल्यातलाच वाटला तर बरंच की. तो वेणीचं टोक आत दुमडत राहिला.

मग लाईट गेली. इंद्रभान पट्टा घेऊन धावला, योगिनी त्याच्या मागे, आणि शादाबच्या इन्व्हर्टरनं शेवटची शिट्टी मारायला सुरुवात केली. बंद पडायच्या आत पाठवून टाकू म्हणून त्यानं फाईल किन्हीराजाला पाठवली. जशी होती तशी. ‘वर परिचय’ हे वरचं त्यानं नीट दुरुस्त केलं होतं. खाली मात्र असं राहिलं:

विशेष: नाजूक / शरीफ / हळुवार / स्त्रीमनस्क / लाईनमन (एक ठेवून बाकी खोडणे).

रविवारी अकरा वाजता भिवाजीमामा आले ते खिशाला पेन लावूनच. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि हातात त्या कागदाची प्रिंट चार घड्या करून. त्यांनी आयुष्यभर बियाणं आणि खत विकलं आहे, म्हणजे आयुष्यभर फॉर्म भरले आहेत. लागू नसेल ते खोडा, हे वाक्य दिसलं की त्यांचा हात आपोआप पेनाकडे जातो. त्यांना यात काही विचित्र वाटलं नव्हतं. उलट प्रयागबाईंना ते म्हणाले की अशी सोय सगळ्यांनीच ठेवली पाहिजे, पाहुण्यांनी स्वतः बघून खोडावं, फसवणूक होत नाही.

संस्कृती त्यांच्या शेजारी बसली. उंच, उन्हानं तांबूस झालेली, गाडी चालवून आल्यानं ओढणी गळ्याशी गच्च बांधलेली. तिनं एकदा सगळ्या खोलीवर नजर फिरवली आणि इंद्रभानवर येऊन थांबवली. त्यानं कुरड्या तळून आणल्या होत्या. ताट ठेवताना त्यातल्या दोन मामांच्या टोपीवर गेल्या. मला योगिनीनं आधार म्हणून बोलावलं होतं आणि शादाबला शिक्षा म्हणून. आम्ही दोघं दाराशी बसलो.

मामांनी कागद मांडीवर उलगडला. “नाजूक,” त्यांनी वाचलं. “खांबावर चढनारा मानूस नाजूक कसा राहीन? अकरा हजार व्होल्टची लाईन राह्यते वर.” आणि खोडलं. प्रयागबाईंना बरं वाटलं.

“शरीफ. ते मी नाही ठरवत, ते दहा वर्षांनं समजते.” खोडलं. शादाबनं माझ्याकडे असं बघितलं की जणू त्याचंच नाव मतदार यादीतून गेलं.

हळुवारवर रामरावच तुटून पडले. तार ओढताना हळुवार राहिला तर जळून मरेल, असं त्यांनी सांगितलं, आणि मामांना ते पटलं, खोडलं. माणसं एकमेकांना पसंत पडू लागली होती. मुलगा मात्र कुणाच्या लक्षात नव्हता. तो ताटातल्या कुरड्या लहान-मोठ्या वेगळ्या करत होता.

मग मामा स्त्रीमनस्कपाशी आले. त्यांनी ते मनात वाचलं, मग ओठ हलवून वाचलं, मग चष्मा पुसला.

“हे कोनत्या कंपनीचं हाये?”

योगिनी याच क्षणाची वाट बघत होती. ती खुर्चीच्या कडेवर आली. तिनं दहा मिनिटं समजावून सांगितलं, आणि छान सांगितलं, मला खोटं सांगायचं नाही. माणूस आतून कसा आहे ही एक गोष्ट, आणि त्याला कोण आवडतं ही दुसरी गोष्ट, आणि लोक या दोन्हींची एकच गाठ मारतात. दादाला बायकांचं जग आपलं वाटतं. पण त्याला लग्न बाईशीच करायचं आहे. रामराव या सगळ्या वेळात भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. एप्रिल संपून ते मे वाचू लागले.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे तर संकरित झालं. दोन चांगल्या वाणांचे गुण एकाच बियाण्यात. त्यात वाईट काहीच नाही, उतारा चांगला येतो, मग सरळ संकरितच लिवा की. योगिनीनं डोक्याला हात लावला. तिचं म्हणणं, माणूस काय बियाणं आहे का? मामांचं म्हणणं, पोरी, बिना लेबलची बॅग मी दुकानात ठेवत नाही, उद्या तपासनीस आला तर काय दाखवू? तपासनीस कोण, असं योगिनीनं विचारलं. गाव, असं मामा म्हणाले. इथून दोघांचं जे जुंपलं ते आम्ही सगळे विसरून गेलो की पाहायला कोण आलंय आणि कुणाला.

“घरचं बियानं लोकं बिना लेबलचंच पेरतात, मामा,” संस्कृती म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली होती. “शंभर दाने ओल्या पोत्यात ठेवतात अन् पाह्यतात किती उगवले ते.”

“मंग याले काय ओल्या पोत्यात ठेवतेस?”

रामरावांना हसू फुटलं. तेवढं हसू दाबायला ते बाहेर जाऊन चूळ भरून आले.

“आधी मले एक सांगा,” मामा म्हणाले, आणि आवाज जरा खाली आणला. “त्याले पोरी आवडतात का?”

“आवडतात,” प्रयागबाई म्हणाल्या.

“तुमी नोका सांगू, बाई. त्याले सांगू द्या.”

इंद्रभाननं मान हलवली. ती हो होती की नाही हे कळायला मार्ग नव्हता, पण लाल झालेले कान पुरेसे होते.

“किती?” मामा म्हणाले. ते व्यापारी माणूस, नग विचारायची सवय.

“एकच,” इंद्रभान फरशीला म्हणाला.

मामांना ते ऐकूच गेलं नाही. ते परत कागदाकडे वळले होते. स्त्रीमनस्कवर त्यांनी रेघ मारली, आता ‘लाईनमन’ तेवढं राहिलं होतं. मामा म्हणाले हा तर धंदा झाला, आणि रामराव म्हणाले मग मी कवापासून काय सांगून राह्यलो. तुमचंच खरं, तुमचं नाही माझंच खरं, असं दोघांचं सुरू झालं. पण मी संस्कृतीकडे बघत होते. तिला ऐकू गेलं होतं. तिनं ओढणीची गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि मग खुर्ची पुढे ओढून उजवा हात सरळ इंद्रभानसमोर धरला. तळवा वर.

“पहिल्या कागदावर लिवलं होतं, मेंदी येते मनून,” ती म्हणाली. “दाखवा.”

योगिनी धावत जाऊन कोन घेऊन आली. या घरात कोन फ्रीजमध्ये लोण्याच्या शेजारी असतो. प्रयागबाईंनी दिव्याचं बटण दाबलं, भर अकराच्या उन्हात. इंद्रभाननं तिचा हात खालून धरला. त्याचा हात स्थिर होता. कुठलंही काम असलं की त्याचा हात स्थिरच असतो. कोनाचं टोक तळव्याच्या मधोमध टेकलं. आम्ही सगळे वाकलो. मामासुद्धा.

आणि त्यानं कोन उचलला, टोपण लावलं, आणि बाजूला ठेवला.

“तुमच्या हातावर नाही काढत मी.”

“काहून रे?” प्रयागबाईंचा जीव खाली-वर झाला. “सगळ्या गल्लीच्या हातावर काढतो अन् आज काय झालं?”

संस्कृतीनं हात मागे घेतला नाही. ती वाट बघत राहिली. दुकानात बसणाऱ्या माणसाला वाट बघता येते. समोरचा बोलेपर्यंत तो दुसरा माल बाहेर काढत नाही.

“तिघी होत्या,” इंद्रभान म्हणाला. आवाज इतका बारीक की बाहेरच्या शेळीचं ओरडणं मोठं वाटलं. “मले लय आवडत होत्या. येक झाली का येक, बरं का, येकदम नाही. मी त्याईच्यात बसू, काम करू. कधी मनलं नाही. मंग लग्न जमलं का त्या मनत, तू तं आमच्यातलाच, तूच काढून दे. तिघीयले बी मीच काढून देल्ली. कोपरापर्यंत. रंग बी चांगला आला.” तो थांबला. “तिघी बी गेल्या.”

योगिनीनं तोंडावर हात ठेवला. तिच्या यादीत हे कुठेच नव्हतं. त्या तिघींतली एक माझी चुलत बहीण आहे. तिच्या मेंदीचं आमच्याकडे अजून कौतुक होतं.

“आमच्यातला मना,” तो म्हणाला, आणि आता पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे पाहिलं. “मी हावोच. मले त्याचं काही वाईट नाही वाटत. पन तेवढ्यावरच सोडू नका.”

एवढं बोलून झालं आणि आपण एवढं बोललो हे त्याच्या ध्यानात आलं. तो उठला. काहीतरी कारण पाहिजे म्हणून त्यानं सगळीकडे बघितलं, आणि “कुरड्या पालटाच्या राह्यल्या,” असं पुटपुटत मागच्या दारानं गच्चीवर निघून गेला. कुरड्या सकाळीच वाळून डब्यात गेल्या होत्या. ते सगळ्या घराला माहीत होतं.

मामांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

“बॉ, हे तं कोऱ्या जागेत नाही बसत,” ते म्हणाले. मग त्यांनी रामरावांकडे पाहिलं. रामराव डोळे पुसत होते आणि पंख्याची धूळ गेली असं सांगत होते. पंखा बंद होता. शादाब माझ्या कानाशी म्हणाला की हे सगळं लिहायचं असेल तर दोन पानी बायोडाटा करावा लागेल. योगिनीनं त्याला कोपर मारलं, पण हळू. तिच्या डोक्यात नवीन शब्द जुळत होता हे मला दिसत होतं, आणि मामांनाही दिसलं असावं, कारण ते तिच्याकडे वळून म्हणाले, “सांग पोरी, सांग, याले काय मनू आता?” ती म्हणाली, हळुवार परत घ्यायचं का? मामा म्हणाले, खोडलेलं परत घेता येत नाही, नवीन प्रिंट लागेल. शादाब म्हणाला, प्रिंट आणतो. रामराव म्हणाले, लाईनमन खोडलेलंच नाही अजून. आणि चौघं त्या कागदावर पुन्हा वाकले.

संस्कृतीनं हाताकडे बघितलं. तळव्याच्या मधोमध मेंदीचा एकच ठिपका लागला होता, तिळाएवढा. तिनं तो पुसला नाही. उठली, ओढणी कमरेला खोचली आणि दाराशी ठेवलेल्या चपला पायानंच शोधू लागली.

“संस्कृती,” मामा कागदावरून मान वर न करता म्हणाले, “मी घरी तुह्या मायले काय सांगू? पोरगा पाह्यला मनू, का पसंत हाये मनू?”

तिला एक चप्पल सापडली.

“अन् हे शेवटचं ठेवू का खोडू?”

दुसरी सापडली. प्रयागबाई घाईनं म्हणाल्या की जिना जरा उभा आहे, जपून जा.

“संस्कृती, मी काय इचारून राह्यलो?”

मागचं दार उघडं होतं. ती त्यातून बाहेर पडली आणि दोन-दोन पायऱ्या घेत गच्चीवर गेली.